सिमेंट वाढवलं, तरी भिंतीला जाळी का पडली?

पत्र थोडक्यात असं: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावातून एका ताईंनी लिहिलं आहे. नवरा लष्करात, पोस्टिंग लांब उत्तरेत. गावात घराचं काम सुरू आहे, आरसीसीचे खांब-बीम आणि मधे चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) भिंती. बाहेरचा गिलावा चुलत दिरांकडे दिला आहे. ते नावाजलेले गवंडी आहेत. मजुरी फुटावर ठरली आहे, माल ताईंचा. पूर्वेची भिंत एका दिवसात झाली. भावजींनी 'मजबुतीसाठी' सिमेंट जास्त घातलं, शेवटी वरून कोरडं सिमेंट शिंपडून लोखंडी थापीनं भिंत आरशासारखी घोटली. विहिरीनं तळ गाठल्यामुळे पाणी दोनच दिवस मारलं गेलं. आठवड्यात भिंतीवर बारीक भेगांची जाळी उमटली आणि बीमच्या खाली एक सरळ आडवी भेग आली. विचारलं तर भावजी म्हणाले, "वहिनी, पुढच्या भिंतीला अजून एक पोतं वाढवू, तुम्ही काळजी करू नका." सासूबाई म्हणतात, घरच्या माणसाच्या कामात बोट घालू नये. पश्चिमेची भिंत पावसाआधी झालीच पाहिजे, असं सगळ्यांचं मत आहे. ताई विचारतात: काम थांबवू की गप्प बसू? आणि झालेली भिंत फोडावी लागेल का?

ताई,

आधी पूर्वेच्या भिंतीचं बोलू, कारण तुमची झोप तिनं उडवली आहे. ती सगळी फोडावी लागेल असं मला तुमच्या वर्णनावरून वाटत नाही. पण ते मी इथं बसून ठरवण्यापेक्षा तुम्हीच तपासा. एक जाड किल्ली किंवा थापीची लाकडी मूठ घ्या आणि हातभर अंतरावर हलके ठोके मारत सगळी भिंत फिरा. जिथं गिलावा चिऱ्याला धरून आहे तिथं आवाज भरीव येईल. जिथं सुटला आहे तिथं बद्द, पोकळ येईल. पोकळ जागेभोवती खडूनं रेघ ओढा. उंचावर भावजींनाच परांचीवरून ठोकायला सांगा, म्हणजे तोही आवाज दोघांनी मिळून ऐकलेला असेल.

भरीव भागावरची केसासारखी जाळी ही बहुतेक वेळा वरच्या कातडीपुरती असते. तिला आत्ता हात लावू नका. पोकळ जागा मात्र चौकोनी कापून, चिऱ्यापर्यंत साफ करून, भिजवून नव्यानं भराव्या लागतील. सुटलेल्या गिलाव्यावर दुसरा थर चढवायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. वजन वाढून तो दोन्ही थर घेऊन खाली येईल. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी किंवा नखाची कड आत जाईल एवढी रुंद भेग दिसली, तर तो गिलाव्याचा प्रश्नच नव्हे. त्याला इंजिनिअर बोलवा.

आता मूळ गोष्ट. तुमच्या पत्रात एक समजूत सगळ्यांचीच आहे. भावजींची, सासूबाईंची आणि थोडी तुमचीही. ती म्हणजे सिमेंट जितकं जास्त तितकी भिंत मजबूत. स्लॅबच्या बाबतीत हे काही प्रमाणात चालून जातं, बाहेरच्या गिलाव्यात हेच अंगावर येतं. सिमेंटचा माल सुकताना आकसतो. सिमेंट जितकं जास्त, तितका आकस जास्त. मागची भिंत तर हलत नाही, ती त्याला धरून ठेवते. मग त्या ओढाताणीत गिलावा तरी फाटतो किंवा भिंतीपासून सुटतो. सुकलेल्या तळ्याच्या गाळाला पडते तशी जाळी तुमच्या भिंतीला पडली, ती म्हणूनच. वरून शिंपडलेल्या कोरड्या सिमेंटनं आणि लोखंडी थापीच्या घोटाईनं आणखी भर घातली. त्यानं सगळं सिमेंट पृष्ठभागावर आलं, आणि एप्रिलच्या उन्हात तो पातळ कडक पापुद्रा आधी सुकला. भेगांतून पाणी आत जातं, पण तुकतुकीत कातडीतून ते परत वाफ होऊन लवकर बाहेर पडत नाही. म्हणून पावसाळ्यात अशा घरांच्या आतल्या भिंतींना ओल येते आणि दोष मात्र चिऱ्याला दिला जातो.

बाहेरच्या गिलाव्याला साधारण एकास पाच, म्हणजे एक भाग सिमेंटला पाच भाग वाळू, पुरे. एकास चार ते एकास सहा ही वापरातली मर्यादा. तुम्ही लिहिलंय की एका पोत्याला कधी आठ तर कधी दहा घमेली वाळू पडली. एका घमेल्यात दहा-बारा लिटर वाळू बसते असं धरलं तर हा माल एकास तीनच्या आसपास झाला. बादलीनं पाणी ओतून तुमचं घमेलं एकदा मोजा. त्यात आणखी एक मेख आहे. ओलसर वाळू फुगते, तिचं आकारमान पाव पटीनं सुद्धा वाढतं. त्यामुळे ओली वाळू मोजली की प्रत्यक्षात वाळू कमीच पडते आणि माल समजतो त्याहून जहाल होतो.

यावर उपाय स्वस्त आहे. सिमेंटचं ५० किलोचं पोतं म्हणजे ३५ लिटर. सुताराकडून ४० सेंमी लांब, ३५ सेंमी रुंद आणि २५ सेंमी उंच असा बिनतळाचा लाकडी फर्मा करून घ्या. तो बरोबर ३५ लिटरचा होतो. एक पोतं, पाच फर्मे वाळू, वर पाटीनं सपाट केलेले. वाळू ओली असेल तर सहावा फर्मा. तुमच्याकडे बैलहोंगल भागातून आलेले बिगारी कन्नड बोलतात, तुम्हाला ते नीट येत नाही, त्यामुळे सांगायची पंचाईत होते असं तुम्ही लिहिलंय. फर्मा ठेवला की बोलण्याची गरजच कमी होते, मोजणारा कुणीही असो. एका वेळी अर्ध्याच पोत्याचा माल कालवायला सांगा. पाणी पडल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात तो भिंतीवर गेला पाहिजे. जेवणाच्या सुट्टीत घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी घालून लावणं ही आपल्याकडची फार जुनी खोड आहे, आणि पोकळ जागांतल्या बऱ्याच तिच्यामुळे होतात.

वाळूकडेही बघा. नदीची वाळू मिळेनाशी झाल्यापासून सगळीकडे एम-सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, आलीय. ती वाईट नाही, पण गिलाव्यासाठी बारीक चाळलेली वेगळी मिळते, तीच मागा. काही लोक एम-सँड म्हणून क्रशरची भुकटी उतरवून जातात. ती मुठीत धरली की हात पिठासारखा पांढरा होतो. काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ टाकून जोरात हलवा आणि दोन-तीन तास ठेवा. तळाला वाळूचा थर दहा सेंटिमीटर बसला असेल, तर त्यावरचा गाळ सात-आठ मिलिमीटरच्या पुढे नको. जास्त असेल तर वाळू धुवून घ्या किंवा परत पाठवा. खाडीची खारी वाळू कितीही स्वस्त मिळाली तरी नको.

सिमेंट पीपीसी (पोझोलाना मिसळलेलं) घ्या. जास्त ग्रेडचं ओपीसी (साधं पोर्टलँड सिमेंट) लवकर तापतं, लवकर घट्ट होतं, गिलाव्याला त्या ताकदीची गरज नाही. पोत्यातला विझवलेला चुना मिळत असेल आणि भावजींचा हात त्यावर बसलेला असेल, तर एक सिमेंट, एक चुना, सहा वाळू हा माल बाहेरच्या भिंतीला मला जास्त आवडतो. तो मऊ लागतो, चिकटतो छान आणि आकसतो कमी.

पश्चिमेच्या भिंतीवर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या घराचं खरं तोंड तीच आहे. जांबोटी-कणकुंबीकडून येणारा पाऊस तुमच्याकडे सरळ पडत नाही, तो वाऱ्यानं आडवा मारतो. अशा भिंतीला एका थरात, एका दिवसात गिलावा करू नये. चिऱ्याचा पृष्ठभाग खड्ड्याखड्ड्यांचा असतो. एकाच थरात ते बुजवायला गेलं की माल कुठं दहा मिलिमीटर, कुठं तीस होतो. जाड जागी तो स्वतःच्या वजनानं खाली ओघळतो आणि आत पोकळी राहते. आधी फक्त खोल खड्डे आणि सांधे भरून घ्या, ते घट्ट होऊ द्या. नळ-विजेच्या झिऱ्या, म्हणजे नळ्यांसाठीच्या खाचा, मारायच्या राहिल्या असतील तर त्या आत्ताच, गिलाव्यानंतर छिन्नी लागता कामा नये. मग पहिला थर साधारण १२ ते १५ मिलिमीटर. तो ओला असतानाच त्यावर आडव्या नागमोडी रेघा खरवडून ठेवायच्या, म्हणजे दुसऱ्या थराला धरायला जागा मिळते. दोन-तीन दिवस पाणी मारायचं, मग एक-दोन दिवस जरा सुकू द्यायचं. त्याला काय भेगा पडायच्या त्या इथंच पडू द्या. मग वरचा थर ५ ते ८ मिलिमीटरचा. आणि हे नीट लक्षात ठेवा: वरचा थर खालच्यापेक्षा कधीही जहाल असू नये. खाली एकास पाच तर वर एकास सहा. त्यावर लाकडी रंधा आणि शेवटी ओला स्पंज, बस्स. खरखरीत फिनिश दिसायला कमी वाटेल, पण पाऊस सोसायला तीच चांगली, आणि रंगही तिच्यावर धरतो.

वॉटरप्रूफिंगचं औषध घालायचं असेल तर डब्यावर लिहिलं असेल तेवढंच, पोत्यामागे मोजून. दुप्पट घालून दुप्पट फायदा होत नाही.

चिरा तहानलेला दगड आहे. कोरड्या चिऱ्यावर माल लावला की तो मालातलं पाणी ओढून घेतो आणि सिमेंट पिकायच्या आधीच सुकतं. आदल्या संध्याकाळी भिंत भरपूर भिजवा, सकाळी पुन्हा एकदा. पण पाणी चकाकत असताना लावू नका. हात लावला तर थंड आणि दमट लागावी, ओला होऊ नये, तीच वेळ. सूर्य ज्या बाजूला नाही ती बाजू आधी करा. पश्चिमेची भिंत सकाळी सातला सुरू झाली तर दुपारचं ऊन यायच्या आत काम आवरतं.

बीमखालची ती सरळ भेग वेगळ्या कारणानं आली आहे. सिमेंट-काँक्रीट आणि चिरा ऊन-पावसात वेगवेगळे हलतात, आणि दोघांवरून एकच गिलावा गेला की तो नेमका सांध्यावर तुटतो. अशा प्रत्येक सांध्यावर, खांबाच्या बाजूनं आणि बीमच्या खालून, कोंबडीजाळी लावा. सांध्याच्या दोन्ही बाजूंना कमीत कमी १५ सेंमी. ती खिळ्यांनी ताणून बसवा, पण भिंतीला अगदी चिकटवू नका, तिच्या मागेही माल शिरला पाहिजे. खांब-बीम फळ्यांतून गुळगुळीत निघतात, त्यांना टाचे मारून खरखरीत करा. वर सिमेंटचं दाट पाणी फासत असाल तर ते ओलं असतानाच गिलावा चढला पाहिजे. सुकलेल्या सिमेंटच्या पाण्यावर लावलेला गिलावा हमखास सुटतो. पूर्वेच्या भिंतीवरची ती भेग पावसाळ्यानंतर एक पट्टा कापून, जाळी टाकून दुरुस्त करता येईल. तोवर भेगेत बाहेरच्या कामाचं लवचिक फिलर भरून घ्या.

पाण्याचं मी मुद्दाम वेगळं काढलं आहे. गिलाव्याला किमान सात दिवस पाणी हवं, पीपीसी असेल तर दहा, आणि ते दिवसातून एकदा पाइप धरून नव्हे तर भिंत सतत ओलसर राहील असं. दुसऱ्या दिवसापासून सुरू करा. विहीर आटलेली असताना हे जड आहे, मला कळतं. पण पाण्याची सोय नसताना गिलावा करणं म्हणजे ते सगळं सिमेंट उन्हात टाकून देणं. वरून गोणपाट सोडा, ते भिजवलं की थोड्या पाण्यात भिंत तासन्‌तास ओली राहते. दहा दिवस टँकरचं किंवा शेजारच्या बोअरचं पाणी मिळणार असेल तरच पश्चिमेच्या भिंतीला हात घाला.

आणि नसेल मिळणार, तर? इथं मला तुमच्या घरातल्या दुसऱ्या समजुतीबद्दल विचारायचं आहे. ही भिंत पावसाआधी झालीच पाहिजे, हे कुणी ठरवलं? कोकणात आणि तुमच्याही भागात बिनगिलाव्याची चिऱ्याची घरं पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत. एक पावसाळा काढणं चिऱ्याला कठीण नाही. हिशोब असा करा: दोन थर, मधले दिवस आणि दहा दिवसांचं पाणी म्हणजे जवळपास तीन आठवडे. रोहिणीत धूळवाफ पेरणी सुरू झाली की भावजी आणि बिगारी दोघंही शेताकडे वळणार. या आठवड्यात सुरुवात होत असेल तर करा. नाहीतर चिऱ्यांमधले सांधे मालानं नीट भरून घ्या, खिडक्यांच्या चौकटींच्या कडा बंद करा, त्या बाजूला ताडपत्री किंवा पत्रे लावा, आणि गिलावा दिवाळीनंतर करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा गिलाव्याचा सर्वात चांगला काळ. ऊन बेताचं, विहिरीला पाणी, आणि वळवाच्या सरीनं कच्चा गिलावा धुऊन जाण्याची धास्ती नाही. पावसाच्या तोंडावर घाईनं केलेल्या गिलाव्यापेक्षा न केलेला गिलावा मला केव्हाही बरा वाटतो.

आता भावजींचं. तुम्ही दोनच वाटा लिहिल्यात, काम थांबवणं किंवा गप्प बसणं. मला तिसरी दिसते. भावजी तुम्हाला फसवत नाहीत. त्यांनी सिमेंट वाढवलं ते तुमच्या घराच्या काळजीनं. त्यामुळे "तुमचं चुकलं" असं म्हणायची गरजही नाही आणि तसं ते खरंही नाही. पण मजुरी फुटावर ठरली आहे हे विसरू नका. एका दिवसात एका थरात भिंत उरकली तर त्यांचा दिवस सुटतो, दोन थर आणि मधली थांबायची मुभा दिली तर त्यांच्या खिशाला चाट बसते. तुम्ही जे मागणार आहात त्याचे पैसे कोण देणार, हे आधी ठरवा. पश्चिमेच्या भिंतीपुरती रोजंदारी लावा किंवा दोन थरांचा दर वेगळा ठरवा. सिमेंटची जी पोती वाचतील त्यातून यातला बराच भाग निघून येईल.

बोलताना एवढंच म्हणा: "भावजी, ह्यांनी फोनवर सांगितलंय, पश्चिमेची भिंत दोन थरांत आणि फर्म्यानं मोजून करू. जादा दिवसांचे पैसे आमचे. पाणी मारायचं माझ्याकडे." नवऱ्याशी आधी खरोखरच बोलून घ्या, म्हणजे हे खोटं होणार नाही. शक्य झालं तर व्हिडिओ कॉलवर दोघा भावांना ठोके ऐकवत भिंतीसमोर उभं करा. सासूबाईंना सांगा की गवंड्याला विचारणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं नाही. चांगले गवंडी स्वतःच घरमालकाला वाळू हातात घेऊन बघायला सांगतात. आणि तुम्ही बाई म्हणून, किंवा नवरा जवळ नाही म्हणून, परांचीपाशी उभं राहायला संकोचू नका. घर तुमचं आहे आणि त्यात पगारातून साठवलेला पैसा तुमच्या दोघांचा आहे. भावजी तरीही वाढीव सिमेंटवरच अडून बसले, तर मात्र काम थांबवा. तेव्हा "पाणी नाही, दिवाळीनंतर बघू" एवढं कारण पुरेसं आहे, आणि ते खरंही आहे.

बारीकसारीक दोन-तीन गोष्टी राहिल्या. छज्ज्याच्या खालच्या कडेला बोटभर आत एक खाच ठेवायला सांगा, म्हणजे पाणी उलटं वळून भिंतीवर न येता तिथंच तुटून पडेल. पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) माथ्याचा उतार आतल्या बाजूला. परांचीची भोकं शेवटच्या दिवशी विटांचे तुकडे आणि उरलासुरला माल कोंबून बुजवतात, तसं नको. भिजवून, नव्या मालानं, दोन वेळा भरा. गिलावा जमिनीच्या मातीपर्यंत उतरवू नका, जोत्यावर थांबवा, नाहीतर तो जमिनीतली ओल वर ओढतो.

हे वाचणारे सगळेच खानापूरचे नसतील. अथणी, रायबाग, चिकोडीकडच्या कृष्णाकाठच्या वाचकांनी पावसापेक्षा क्षाराची काळजी जास्त करावी. बोअरचं पाणी पिताना मचूळ लागत असेल तर ते गिलाव्यात कालवू नका आणि भिंतीवरही मारू नका, पुढं पांढरा लोणा फुटून रंगाचे पापुद्रे निघतात. काळ्या मातीवरच्या घरांत तिरक्या भेगा दिसल्या तर गिलाव्यावर पैसे घालण्याआधी पाया बघून घ्यावा. निपाणी किंवा बेळगाव शहरात हलक्या सिमेंट ब्लॉकच्या भिंती बांधणाऱ्यांना कोंबडीजाळीचं आणि जहाल मालाचं वर लिहिलेलं सगळं जास्तच लागू आहे, कारण ते ब्लॉकही आकसतात.

आणि रंग. पेंटर उद्याच डबा घेऊन येईल, वॉटरप्रूफ रंगानं जाळी झाकून देतो म्हणेल. नव्या गिलाव्याला किमान २८ दिवस रंग लावू नका. पूर्वेच्या भिंतीला तर हा पावसाळा तशीच राहू द्या. पहिली मोठी झड थांबली की आतून त्या भिंतीवर हात फिरवून कुठं दमट लागतं ते बघा, खडूनं खुणा करा आणि त्यांचे फोटो नवऱ्याला पाठवा. दिवाळीला भावजी परांची बांधतील तेव्हा कुठलं कापायचं, कुठलं ठेवायचं हे तुमच्याकडे लिहून तयार असेल.